छावणीतलं बालपण : महूकरांनो, लिहा (अनुभव धागा)

सांघीस्ट्रीट

परवा २९ जानेवारीला टीव्हीवर बीटिंग रिट्रीट लागलं होतं. मी ओट्याशी गराडू (माळव्यातला कंद) तळत होते. बिगुल वाजला आणि माझी नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. नातू म्हणाला, आजी काय बघतेस? त्याला काय सांगणार, की आमच्याकडे घड्याळं बिगुलावर लावायचे. दोघांत फरक पडला तर वडील घड्याळाचे कान पिळायचे, बिगुल कधी चुकत नाही ही त्यांची श्रद्धा.

सासर इंदुरात, माहेर महूचं. सांघी स्ट्रीटच्या मागची गल्ली. वडील एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराची बांधकामं बघणाऱ्या खात्यात, सिव्हिलियन कारकून. म्हणजे फौजेत नाही पण पोट फौजेवर. महूत निम्मं गाव असंच.

ज्यांना महू म्हणजे पाताळपाणीच्या धबधब्याला जाताना लागणारं गाव एवढंच वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज हरली. पंधरवड्यात, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसौरचा तह. होळकरांकडून बोलणी तात्या जोगांनी केली. इंग्रजांची फौज होळकरांच्या मुलखात राहणार असं ठरलं आणि जॉन माल्कमनं इंदूरपासून २३ किलोमीटरवर ही छावणी बसवली. होळकरांची राजधानी इंदूरला आली तीही त्याच वर्षी. तेव्हा राजधानी आणि तिच्यावर डोळा ठेवायला बसवलेली छावणी, दोघी एका वयाच्या.

गावाचे सरळ दोन तुकडे. एकीकडे मॉल (छावणीतला मोठा रस्ता), बंगले, मेस, परेडची मैदानं. झाडांच्या बुंध्यांना गेरू नि चुन्याचे पट्टे, रस्त्याकडेचे धोंडेसुद्धा पांढरे रंगवलेले. दुसरीकडे आमचा बाजार. मेन स्ट्रीट, गोकुलगंज, माणक चौक. आईला कुणाच्या घरी पसारा दिसला की म्हणायची, यांच्याकडे इन्स्पेक्शन लावा.

मला लिहायचंय ते मात्र बदलीबद्दल. मार्च-एप्रिल आला की वर्गातल्या मुली एकेक करून कमी व्हायच्या. शेजारी भाड्यानं एक हवालदाराचं कुटुंब होतं, साताऱ्याकडचं. त्यांची मुलगी माझी जिवाभावाची. एक दिवस दारात काळ्या ट्रंका आल्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. संध्याकाळी ट्रक. मग पत्रं. पत्ता काय, तर युनिटचं नाव आणि मार्फत ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. मैत्रीण डोंगरात आहे की नदीकाठी, काही कळायला मार्ग नाही. उत्तर यायचं, पण तिलाही कुठे आहोत ते लिहायला बंदी. मग आम्ही काय लिहायचो? भाज्यांचे भाव! तिनं लिहिलं की अननस स्वस्त आहेत, तर वडील नकाशा काढून अंदाज बांधत बसायचे.

तुमचेही अनुभव येऊ द्या. महूच पाहिजे असं नाही, कुठल्याही छावणीचे चालतील.

भियाइंदूरी

पहिला नंबर माझा!

ताई जबरदस्त लिहिलंय. माझी छावणी म्हणजे इंदूरची छावणी, संयोगितागंजवाली, धान्यमंडीची. तिथे लहानपणापासून एक फौजी बघितला नाही, नुसते हम्माल आणि गव्हाची पोती. मला वाटायचं फौज जेवायला गेली असेल.

पेन्शनपुरा

आमच्याकडे तीन खोल्या भाड्यानं असायच्या. लष्करी प्रशिक्षणाच्या कोर्सला आलेले, क्वार्टर न मिळालेले जवान फॅमिली आणायचे नि आमच्याकडे उतरायचे. आईचा नियम एकच, चूल वेगळी पण पाणी एकत्र भरायचं. हिमाचल, गढवाल, केरळ, पंजाब सगळे राहून गेले. मल्याळी वहिनींनी आईला अप्पम शिकवलं, आईनं त्यांना पुरणपोळी. त्यांच्या पुरणात खोबरं कुठून यायचं देव जाणे.

९९ च्या उन्हाळ्यात मधल्या खोलीत एक अठरा-एकोणीस वर्षांची नवी नवरी होती, कुमाऊँकडची. नवरा कोर्स अर्धा टाकून गेला. फोन नाही. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता, त्याचा मालक रात्री शटर अर्धं उघडं ठेवायचा, बिल नंतर बघू म्हणायचा. टीव्हीवर कारगिल चालू झालं की आई आवाज बंद करायची आणि ती मुलगी मुकाट्यानं पडद्याकडे बघत बसायची. पावसाळ्यात तो आला. धड आला. पायाला काहीतरी लागलं होतं पण चालत आला. आईनं त्याची दृष्ट काढली, मीठमोहरी, सगळं. तो बिचारा अटेन्शनमध्ये उभा, हलावं की नाही त्याला कळेना.

पुढे त्यांचीही बदली झालीच. दिवाळीला अजून फोन येतो.

सांघीस्ट्रीट

@पेन्शनपुरा अगं हो गं, आपल्याकडे सगळ्यांच्याच घरी एक "मधली खोली" असायची. आणि भाडेकरू गेल्यावर ती काही दिवस कुणाला द्यावीशी वाटायची नाही. आमच्याकडे तरी असंच. तू पेन्शनपुऱ्यात कुठे? विहिरीच्या बाजूला का?

पेन्शनपुरा

नाही ताई, वरच्या अंगाला. तुम्ही आता इंदुरात वैशाली नगरच्या का हो? माझी नणंद तिथेच आहे, बागेसमोर.

सांघीस्ट्रीट

वैशाली नगरच! ये की मग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मीटरगेज

धागा छावणीचा आहे हे ठाऊक आहे तरी रेल्वेचं लिहिणार. महूतून रेल्वे काढली तर उरतं काय?

१८७० मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर लाइनसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. ज्यांनी महिदपूरला हरवलं, त्यांनाच व्याजानं पैसे! होळकर कच्चे नव्हते. आणि या लाइनीचा पहिला फायदा कुणाला, तर महूच्या पलटणींना. आधी मुंबईहून सामान घाटातून बैलगाड्यांनी यायचं.

महूहून खाली निमाडात उतरताना पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट. चढ १ ला ४०, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हे फार. वर येताना मागून दुसरं इंजिन लावायचे. बोगदे, पूल, खाली चोरल नदी. पावसाळ्यात डब्याच्या दारात बसून पाय बाहेर सोडले की (आता कुणी करू नका) तोंडावर ढग.

पाताळपाणीला गाडी थांबायची. रेल्वेवाले सांगायचे घाटाआधी ब्रेक तपासतात. गावचे सांगायचे टंट्या मामाला सलामी. टंट्या मामा म्हणजे इंग्रजांशी लढलेला टंट्या भिल्ल; त्याला ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिली, त्याचं देऊळ तिथे लाइनीच्या कडेला आहे. माझे काका गार्ड होते. त्यांना विचारलं खरं काय, तर म्हणाले, ब्रेक तपासतो आणि नारळही फोडतो, तुला काय अडचण?

२०१८ च्या नाताळात त्या टप्प्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. २०२३ पासून महू-ओंकारेश्वर रोड बंद, ब्रॉडगेजचं काम. नवी लाइन लांबून जाणार, चढ कमी ठेवायला. ते बरोबरच आहे म्हणा, पण मन मानत नाही.

ओट्याशी

कालाकुंडचा कलाकंद कुणी खाल्लाय का? पळसाच्या पानात मिळायचा तो.

मीटरगेज

@ओट्याशी खाल्लाय का म्हणजे? गाडी घाट उतरून टेकली की त्यासाठीच लोक उतरायचे. दाणेदार, थोडा करपट वास. जंगलातल्या गाई-म्हशींचं दूध म्हणून चव वेगळी असं विकणारे सांगायचे.

ओट्याशी

करपट वास म्हणजे लोखंडी कढई. मी मागच्या आठवड्यात केला, तुरटी किंचित जास्त पडली. फोटो पाककृतीत टाकते.

वऱ्हाडी

अकोल्याहून मीनाक्षी एक्स्प्रेस सुटायची ना भौ, काचीगुडा-जयपूर. छोटी लाइन. अकोला, खंडवा, महू, इंदूर, रतलाम. आमचे आजोबा १४ एप्रिलसाठी त्याच गाडीनं महूला जायचे, सोबत भाकरी नि मिरचीचा ठेचा. गाडीत बसायला जागा नसे, पण भजनं, गाणी रात्रभर.

आता ब्रॉडगेजच्या कामासाठी ती लाइन बंद, महूला जायचं तर अकोल्यातून बस धरा नाहीतर खंडव्याला गाड्या बदला. सोय होण्यासाठी गैरसोय चालू आहे.

नागपूरहून

वऱ्हाडी दादांनी विषय काढला म्हणून लिहितोय, एरवी नुसता वाचत होतो.

माझे वडील महार रेजिमेंटचे. सागरच्या सेंटरला ट्रेनिंग, मग जागोजागी. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं आमच्या माणसांची भरतीच बंद होती, १८९२-९३ च्या सुमाराला सरकारनं दारं लावली. म्हणजे बाबासाहेबांचा जन्म महूला झाला, १४ एप्रिल १८९१ ला, तेव्हा रामजी सुभेदारांची पिढी ही त्या जुन्या फौजेतली शेवटची म्हणायची. आंबडवे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आणि जन्म माळव्यात, काली पलटनच्या वस्तीत. रामजी लष्कराच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. लष्करात तेव्हा मुलामुलींना शिकवणं सक्तीचं असायचं, बाहेर कुणी आपल्या मुलांना पाटीला हात लावू देत नव्हतं. वडील हे नेहमी सांगायचे, छावणीनं आपल्याला बंदूक दिली ते सगळे सांगतात, पाटी दिली ते कुणी सांगत नाही.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला गेलं, पुढे साताऱ्याला. बाबासाहेब महूत जेमतेम अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत राहिले असतील. तेवढ्यासाठी लाखो माणसं दरवर्षी जातात.

मी लहान असताना आम्ही तिथल्या एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो होतो. सकाळी गल्लीतल्या बायका पातेलंभर पोहे घेऊन आल्या, वर शेव, लिंबू. आई म्हणाली किती द्यायचे? त्या हसल्या. आता भव्य स्मारक आहे. पायाभरणी १९९१ च्या १४ एप्रिलला, उद्घाटन २००८ च्या १४ एप्रिलला. पांढरा दगड, स्तूपासारखा घुमट. तरी माझ्या आठवणीत तो व्हरांडा आणि पोहेच आहेत.

भियाइंदूरी

वाचून गप्प झालो दादा. जय भीम.

पोह्यांवर शेव नसती तर आम्ही माळव्याचेच नव्हतो.

गोकुलगंज

@नागपूरहून ते पोहे आमच्या गल्लीतून पण जायचे. १३ तारखेच्या रात्री कांदा चिरायला बसवायचे आम्हा पोरांना. आजी म्हणायची, पाहुणे आहेत, वर्षातून एकदा येतात. गावात बाकी सगळे सरकारी हुकमानं येतात, बदली, कोर्स, इन्स्पेक्शन. हे लोक मनानं येतात.

२००३ ला गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. स्टेशनवर तेच नाव, गाड्यांच्या बोर्डावर तेच. बस कंडक्टर मात्र सरवटे स्टँडवर अजून महू-महू ओरडतात. दोन्ही चालतं.

चौथाबंगला

जरा वेगळं लिहितो.

आमच्या पणजोबांनी एका पारशी गृहस्थाकडून बंगला घेतला होता. कौलं, उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, आंब्याची झाडं. लोक म्हणायचे काय नशीब! खरी गोष्ट अशी की ओल्ड ग्रँट. भिंती तुमच्या, जमीन सरकारची. इंग्रजांच्या काळातली पद्धत. लष्कराला अधिकाऱ्यांसाठी घरं हवी होती, म्हणून लोकांना सांगितलं बांधा, पण जमीन आमचीच. महिन्याची नोटीस देऊन इमारतीची किंमत टेकवली की जागा परत घेता येते. स्वातंत्र्यानंतरही हेच चालू राहिलं.

त्यामुळे विकायचं तर परवानगी, वाढवायचं तर परवानगी, छप्पर गळतंय म्हणून पत्रा टाकायचा तरी अर्ज. वडिलांचं अर्धं आयुष्य एका कचेरीच्या बाकावर गेलं. नकाशा जुळत नाही, मूळ कागद आणा. मूळ कागद लंडनला असेल नाहीतर वाळवीच्या पोटात. शेवटी मागची बाजू बसली. सांडलेली कौलं अजून अंगणात रचून ठेवलीत.

आता ऐकतो की छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून नगरपालिकांत घालणार. हिमाचलमधलं योल २०२३ मध्ये निघालं. आमचा नंबर लागेल तेव्हा लागेल. पण मला सांगा, जमीन आपली झाली तर तिच्यावर पहिल्यांदा काय होईल? मॉल. म्हणजे दुसरा मॉल, दुकानांचा. आंबे तोडून. ओल्ड ग्रँटला शिव्या देत देत मोठा झालो आणि माझ्या गावात झाडं उरली ती त्याच कायद्यामुळे, हे पण खरं.

राजेंद्रनगरी

@चौथाबंगला अगदी खरं. राऊ संपलं नि महूची हद्द लागली की हवा बदलते, अंगावर येते गार. इंदूरवाल्यांनी झाडं विकून फ्लॅट घेतले.

चर्चिलच्या बंगल्याचं काय झालं? प्रत्येक महूवाला सांगतो की चर्चिल इथे राहिला होता, आणि प्रत्येकाचा बंगला वेगळा.

चौथाबंगला

हा हा. आमच्याकडेही दाखवायचे. पडका बंगला दिसला की तो चर्चिलचा.

माणेकशॉंचं मात्र पक्कं. पन्नासच्या दशकात ते इथे इन्फंट्री स्कूलचे कमांडंट होते. महूत पारशी तेव्हा बऱ्यापैकी, त्यांची अग्यारी आहे गावात. आजोबा सांगायचे, सॅम बाजारात आला की पारशी म्हाताऱ्या त्याला गुजरातीत रागवायच्या, मिशीवरून का कशावरून. खरंखोटं आजोबा जाणे, ते रंगवून सांगायचे.

बेरछाकडचा

रेंजबद्दल, म्हणजे फौजेच्या गोळीबार-सरावाच्या मैदानाबद्दल, कुणीच लिहिलं नाही? आमच्या बाजूला रात्री फायरिंग चालायचं, खिडक्यांची तावदानं थरथरायची. पाहुणे घाबरून उठायचे, आमची पोरं कुशी बदलून झोपायची. पाहुण्यांसमोर आम्ही उगाच जांभई द्यायचो.

पण दुसरी बाजू वाईट आहे. फायरिंग संपलं की गरिबाघरची माणसं, पोरं पितळ-लोखंड वेचायला आत शिरतात. किलोवर भाव मिळतो. एखादा गोळा फुटलेला नसतो. आमच्या वर्गातल्या एकाचा हात गेला. त्यानं नंतर डाव्या हातानं लिहायला शिकून मॅट्रिक केलं, आता किराणा दुकान आहे. तो सोडून सगळ्यांना ती गोष्ट आठवते, तो कधीच काढत नाही.

कडकइस्त्री

मी शिंप्याच्या घरातला. मेन स्ट्रीटवर दुकान होतं. कोर्स सुरू व्हायच्या आठवड्यात शंभर गणवेश, सगळ्यांना उद्या पाहिजे. तरुण अफसर, लेफ्टनंट, कॅप्टन. "मास्टरजी, कंबर अर्धा इंच आत." कोर्स संपताना तेच परत, कंबर एक इंच बाहेर, मेसचं जेवण.

बाबा माप घेताना चेहरा बघायचे नाहीत, खांदा बघायचे. वीसेक वर्षांनी कुणी ब्रिगेडियर होऊन महूच्या आर्मी वॉर कॉलेजला यायचा, दुकानात शिरायचा, आणि बाबा नाव न विचारता वही काढून म्हणायचे, उजवा खांदा जरा उतरता, बरोबर? तो माणूस खूश. जुन्या लोकांच्या तोंडी अजून कॉलेज ऑफ कॉम्बॅटच आहे, वॉर कॉलेज नाव २००३ नंतरचं.

आता सगळं तयार मिळतं. बॅज लावून देणं, नावपट्टी, एवढंच काम उरलंय. भाऊ बघतो, मी पुण्यात.

ग्लासभरून

कॅन्टीनच्या रमबद्दल कुणी बोलणार आहे की सगळे सभ्यच आहात?

कडकइस्त्री

@ग्लासभरून त्या विषयावर वेगळा धागा काढा, हजार प्रतिसाद पक्के. आमच्या घरात कॅन्टीनचा साबण, बुटाचं पॉलिश आणि चहापत्ती यायची. बाकीचं बाबा दुकानातच ठेवायचे, "मशीनच्या तेलाशेजारी".

मुरारचा

ग्वाल्हेरहून. आमची मुरारची छावणी. १४ जून १८५७ ला इथे ग्वाल्हेर कंटिन्जंट (इंग्रज अफसरांच्या हाताखालची देशी फौज) बंड करून उठली. महूत त्यानंतर, नाही का? तारीख कुणी सांगेल?

चौथाबंगला

@मुरारचा १ जुलै. सकाळी इंदुरात रेसिडेन्सीवर (इंग्रज रेसिडेंटच्या कोठीवर) हल्ला, सआदत खान पुढे होता. त्याच रात्री महूतल्या देशी पलटणी उठल्या. त्यांचा कर्नल समजूत घालायला गेला तो मारला गेला.

मुरारचा

धन्यवाद साहेब. आमच्याकडे गंमत अशी की इंग्रजांनी १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत केलं, बदल्यात झाशी घेतली. त्यामुळे मुरारला मधेच संस्थानी हवा लागली. फौज आता आहेच, पण तुमच्यासारखं गाव फौजेभोवती फिरत नाही. आमच्याकडे बिगुलापेक्षा लग्नाचा बँड जास्त. थंडीत तर रोज रात्री, झोप नाही. काल पण तेच. इथे लिहिण्याचं कारणही तेच, जागा आहे.

फतेगंज

बडोद्याहून हजेरी. कॅम्प म्हणजे आमच्याकडे फतेगंज. ईएमई स्कूलच्या (फौजेच्या यंत्रदुरुस्तीवाल्यांची शाळा) आवारातलं दक्षिणामूर्तीचं देऊळ पाहिलंय का? १९६६ मधलं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, भूमितीतल्या त्रिकोणांनी जोडलेला घुमट. जवानांनीच बांधलं. आजी पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, देव कुठेय, हे तर विमान. मग हात जोडले.

ताईंच्या ९९ एपीओवरून आठवलं, माझ्या आत्याचं लग्नच तसं ठरलं. मुलगा ५६ एपीओ. पत्रिका जुळली, मुलगा जुळला, गाव शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा भटजींना म्हणाले, अक्षांश-रेखांश नसले तरी चालेल ना?

सांघीस्ट्रीट

@फतेगंज हसून हसून पुरेवाट! नातवाला वाचून दाखवलं, तो म्हणतो लोकेशन शेअर नव्हतं का.

@कडकइस्त्री तुमचं दुकान घड्याळवाल्याच्या शेजारचं का? माझ्या भावाचा एनसीसीचा गणवेश तिथलाच असणार. बाहीला कायम इंचभर जास्त, "वाढेल पोरगं".

@चौथाबंगला तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमचं गल्लीतलं घर तरी आमच्या नावावर होतं, पण वडिलांना वाटायचं आपण इथले नाहीच, आज ना उद्या मूळ गावी जाऊ. कोकणात. ते गाव त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. सगळं गाव बदलीवर, मग आपलीही असेलच अशी समजूत झाली असावी. घरात चांगलं कपाट घेतलं नाही कधी, सगळं ट्रंकांमध्ये. आई चिडायची. वडील गेल्यावर तिनं पहिलं काम केलं ते सागवानी कपाट घेण्याचं. भिंतीत बसवून घेतलं, हलवता येऊ नये म्हणून.

पेन्शनपुरा

कपाट वाचून टचकन पाणी आलं ताई. आमच्याकडे अजून काळ्या ट्रंका आहेत, त्यावर गादी टाकून दिवाण केलाय. पाहुण्यांना कळत नाही. कुणी राहून गेलेल्याची एक ट्रंक पण आहे, नाव पुसट झालंय, "परत येऊन नेतो" म्हणाला होता. आई उघडू देत नाही.

भियाइंदूरी

कोणत्या सालची?

पेन्शनपुरा

मी शाळेत जायच्या आधीची. असू दे ओ, जागा आहे घरात.

व्हेटरनरी

मी महूचा नाही, पण गुरांच्या कॉलेजात शिकलो (१९५५ चं कॉलेज आहे, जुनं). हॉस्टेलवर आम्ही गायी-म्हशींच्या वासाचे, गावात पलीकडून पॉलिश केलेल्या बुटांचे अफसर. मेन स्ट्रीटवर एकाच चहाच्या टपरीवर दोघंही. मुली कुणाकडे बघायच्या ते सांगायला नको.

पाताळपाणीला मात्र आम्हीच राजे. २०११ चा तो अपघात, पाण्याचा लोंढा आला तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्याच्या कितीतरी आधीपासून गावचे लोक सांगायचे की वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असलं तरी खाली उतरू नका. आम्ही ऐकायचो कारण आमचा चौकीदार काठी घेऊन यायचा.

नुसतीवाचक

सुंदर धागा. वाचतेय. १४ एप्रिलला महूला जायचं ठरतंय, सासूबाईंना घेऊन. राहायचं इंदूरला की महूला? त्यांचे गुडघे दुखतात.

गोकुलगंज

@नुसतीवाचक त्या दिवशी महूत खोली मिळणं कठीण आणि गाड्या लांब थांबवतात. इंदूरला राहा, राजेंद्र नगर किंवा राऊच्या बाजूला. १२ किंवा १३ ला सकाळीच दर्शन करून या, गर्दी कमी. किंवा १४ लाच जायचं असेल तर आमच्याकडे उतरा, आजी नाही आता पण कांदा आम्ही चिरतोच. गुडघ्यांसाठी खुर्ची देतो.

नुसतीवाचक

अय्या, खरंच? व्यनि करते. सासूबाई ऐकून आत्ताच पिशवी भरायला लागतील.

ओट्याशी

कुणी कोदरियाकडचे वाळवलेले बटाट्याचे चिप्स आणून देणार का? शेतांत प्लॅस्टिकवर पसरलेले असतात ते. इंदुरात मिळतात त्यात मीठ फार.

बेरछाकडचा

@ओट्याशी फेब्रुवारी-मार्चमध्ये या, नवा बटाटा आला की काम सुरू होतं. आमच्याकडेच पाच-सहा जण करतात. बिनमिठाचे हवे तर आधी सांगा, उकळायच्या पाण्यातच मीठ घालतात. किती किलो?

ओट्याशी

दोन. नाही, तीन घ्या, नणंदेला पण लागतील.

मीटरगेज

मला पण एक. आणि त्या बाजूला जाणारच असाल तर पाताळपाणी स्टेशनच्या नव्या बोर्डाचा फोटो काढून टाका ना कुणीतरी. टंट्या मामाचं नाव लागलंय म्हणे, माझा गुडघा मला बघायला जाऊ देत नाही.